पुष्पीच्या गावाला जाण्याची तयारी

नागपुरात नाईक तलावाच्या विणकर वस्तीत कुणाच्या घरी बाळंतपण निघालं की दोन बायांना निरोप जायचा. एक रंभाबाई सुईण आणि दुसरी भागीरथा. रंभाबाई आत जायची, भागीरथा बाहेर ओट्यावर बसायची. तिच्या मांडीवर धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनं लुगडं घडी करून ठेवलेलं असायचं आणि शेजारी कात्री. आत कितीही वेळ लागो, ती तिथून हलत नसे आणि कात्रीला हातही लावत नसे. बाळाचं रडणं कानी आलं की मात्र तिचे हात असे काही चालत, की आत बाळाला न्हाऊ घालून होईपर्यंत बाहेर झबलं तयार असे. वस्तीतल्या कितीतरी पोरांच्या अंगाला पहिलं कापड लागलं ते भागीरथाच्या हातचं.

बाळ रडल्याशिवाय त्याच्यासाठी कापडाला कात्री लावायची नाही, हा नेम वस्तीत सगळ्याच बाया पाळायच्या. पण बाकीच्या तो चालत आलं म्हणून पाळत, भागीरथा भिऊन पाळायची.

त्याचं कारण होतं. ती हेडाऊंच्या घरात सून म्हणून आली तेव्हा पोरसवदाच होती. पहिल्या खेपेला दिवस भरत आले तसा तिला आनंद आवरेना. नवऱ्याच्या, म्हणजे ईश्वरदासच्या मागावरून लुगड्याच्या काठाचा एक लाल तुकडा उरला होता. त्याचं तिने टोपडं शिवलं आणि सासूच्या नजरेला पडू नये म्हणून मागाच्या सुताच्या कांड्यांच्या टोपलीत खाली सारून ठेवलं. मुलगा झाला. पाचवी पुजायच्या आधीच तो गेला. त्यानंतर कधीतरी सासू, जिजाबाई, टोपली झटकायला बसली आणि टोपडं बाहेर आलं. जिजाबाई ओरडली नाही. ते टोपडं सुनेच्या समोर ठेवून तिने एवढंच विचारलं, "हे कधी शिवलं वं?"

भागीरथाने सांगितलं. जिजाबाई पुढे पुष्कळ वर्षं जगली. त्या विषयावर पुन्हा एक शब्द बोलली नाही. तोच न बोललेला शब्द भागीरथाला जन्मभर पुरला.

त्यानंतर बरीच वर्षं वाट पाहून पुष्पलता झाली. एकुलती एक. त्या वेळी अंगात घालायला झबलं तयार नव्हतं. पोर रडल्यावर रंभाबाईने स्वतःच्या लुगड्याचा पदर फाडून तिला गुंडाळलं होतं. मुलगी जगली, वाढली, शिकली. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजात गेली. कळमेश्वरच्या, आपल्यातल्याच एका घरातला घनश्याम नावाचा मुलगा नागपूरच्या शेतकी कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झाला होता, त्याचं स्थळ आलं. लग्न झालं आणि वर्ष झालं नाही तोच घनश्यामला पुढच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली. फळझाडांवरच्या रोगांचा अभ्यास. त्यासाठी त्याला जावं लागलं होनोलुलूला, आणि त्याच्या मागोमाग पुष्पलताही गेली.

ते गाव कुठे आहे हे वस्तीत एकट्या भैय्याजींना ठाऊक होतं. भैय्याजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. सगळ्यांचे अर्ज, तारा, इंग्रजी पत्ते तेच लिहीत. त्यांनी जुना नकाशा जमिनीवर पसरला, त्यातल्या निळ्या रंगावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघा वहिनी. हे सगळं पाणी. आणि हा जो राईचा दाणा पडल्यासारखा दिसून राहिला ना, तिथं तुमची पुष्पी."

"एवढ्याशा जाग्यात माणसं मावतात?" भागीरथाने विचारलं.

"मावतात म्हणजे? मोठं शहर आहे. मोटारी आहेत, दवाखाने आहेत, आपल्या सीताबर्डीपेक्षा मोठा बाजार आहे."

भागीरथाला ते नाव काही जिभेवर बसवायचं नव्हतं. तिने त्याचं सरळ 'पुष्पीचं गाव' करून टाकलं, आणि मग सगळी गल्लीही तसंच म्हणू लागली.

पुष्पीच्या गावाहून पत्रं यायची. माग थांबवून, धोटा बाजूला ठेवून ईश्वरदास ती एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचायचा आणि शेजारच्या बाया हातातली कामं घेऊन दारात येऊन बसायच्या. पुष्पलता लिहायची की इथे उन्हाळा नाही आणि हिवाळाही नाही. अंगणात पपया आपोआप येतात. पाहुणा आला की विमानतळावर त्याच्या गळ्यात फुलांचा हार घालतात. एकदा तिने लिहिलं की या बेटांवर साप नाहीत.

"एकही नाही?" रंभाबाई म्हणाली. "मग नागपंचमीले काय पुजतात गा?"

"गांडुळाले दूध पाजत असतील," ईश्वरदास म्हणाला, आणि बाया पदर तोंडाला लावून हसल्या.

चौऱ्याहत्तर सालच्या पावसाळ्यात ते पत्र आलं. पुष्पलताला दिवस गेले होते. डिसेंबरात बाळंतपण. दोघांना तिकिटं पाठवण्याइतकी ऐपत नव्हती, पण आईचं तिकीट घनश्याम काढणार होता. तिथल्या एका मद्रासकडच्या प्रोफेसराची बायको माहेरी आली होती. ती नोव्हेंबरात मुंबईहून परत निघणार होती. तिच्यासोबत आईला पाठवा. शेवटी पुष्पलताने लिहिलं होतं, 'आई, मला भीती वाटते. इथे सगळं आहे, पण डोकं चोळून देणारं कुणी नाही.'

ईश्वरदासने वाचून कागदाची घडी केली. कांड्या भरता भरता भागीरथाच्या चरख्यावरचा धागा तुटला होता. तो तिने सांधला नाही.

"जाशील?" त्याने विचारलं.

"नाही तर काय! पहिलं बाळंतपण माहेरचं असते. पोरीले येता येत नाही, तर माहेरानं जायचं."

मग तयारी सुरू झाली, आणि ती काही एका घराची तयारी राहिली नाही. महाल भागातल्या एका स्टुडिओत भागीरथा पासपोर्टचा फोटो काढायला गेली तेव्हा फोटोवाल्याने डोक्यावरचा पदर मागे घ्यायला सांगितलं. कान दिसले पाहिजेत, सरकारचा नियम आहे म्हणाला. "माणूस कानावरून ओळखतात का रे बापा?" भागीरथाने विचारलं. तरी तिने पदर मागे घेतला, आणि फोटोत ती अशी आली की जणू कुणी तिला रागावलं आहे. अर्जावर अंगठा चालेल असं ईश्वरदासचं म्हणणं होतं. भैय्याजींनी ते ऐकून घेतलं नाही. "वहिनी होनोलुलूले जाऊन राहिल्या, सावनेरले नाही," ते म्हणाले. "सही पाहिजे." म्हणून कांड्या भरता भरता भागीरथा जमिनीवर कोळशाने आपलं नाव काढायची आणि पायाने पुसायची. 'भा' आणि 'गी' लवकर आले. 'र' आपसूक आला. 'था' ने मात्र तिला घाम फोडला.

एके दिवशी भैय्याजी सांगत आले की आपल्याकडे शनिवारची सकाळ असते तेव्हा पुष्पीच्या गावाला अजून शुक्रवारची संध्याकाळ असते. "म्हणजे वहिनी वाटेतल्या टोकियोहून ज्या दिवशी निघतील, त्याच्या आदल्या दिवशी पोचतील."

"असं?" ईश्वरदास म्हणाला. "मग माही बायको एक दिवस लहान होऊन उतरते म्हणा."

"तसं असलं तर मी जाऊन येऊन करत राहते," भागीरथा म्हणाली. "तुम्ही बसा इथं म्हातारे होत."

इतक्या मोकळेपणी ती नवऱ्याशी चारचौघांत बोललेली कुणी ऐकली नव्हती.

सामानाचं मात्र अवघड झालं. घनश्यामचं वेगळं पत्र आलं, ते जरा करडं होतं. त्या बेटांवर बाहेरून कीड येऊ नये म्हणून फार तपासणी असते. कुठलंही बी, मूळ, फळ, माती, कच्चं असं काहीही आणू नका; विमानतळावरच काढून घेतात, आणि मी स्वतः त्याच कामात असल्यामुळे मला फार लाज वाटेल. बाळंतिणीच्या सामानात याशिवाय असतं काय? अळीव, ओवा, बाळंतशेप, हळकुंड. रंभाबाईने तर वेखंड आधीच कागदात बांधून आणलं होतं. "वेखंडाबिगर लेकराले न्हाऊ कसं घालशील वं?" ती हताश होऊन म्हणाली. शेवटी सगळं भाजून, कुटून त्याची पूड करायचं ठरलं. डिंकाचे लाडू चालतील असं घनश्यामने कळवलं. वेखंड राहिलं.

कापडाला मात्र कुठलीही बंदी नव्हती. भागीरथाने आपली मऊ लुगडी काढली. त्यांत एक करवतकाठी होतं, करवतीच्या दात्यांसारख्या नक्षीच्या काठाचं. ईश्वरदासने तरुणपणी विणलेलं, आता साईसारखं झालेलं. ती अख्खीच न्यायची आणि तिथे बाळ रडल्यावर कापायची, असं तिने ठरवलं.

"दवाखान्याच्या पायरीवर कात्री घेऊन बसशील?" ईश्वरदास म्हणाला. "पोलीस धरून नेतील तुले."

"नेऊ द्या. बाळ रडल्यावर नेऊ द्या म्हणजे झालं."

दसऱ्याच्या सुमाराला पुष्पलताचं आणखी एक पत्र आलं. इथल्या मैत्रिणींनी माझ्यासाठी जेवण केलं, तिने लिहिलं होतं. इथे बाळ व्हायच्या आधीच कपडे भेट देतात, खोली सजवतात. प्रत्येकीने आपापल्या आईच्या हातचं काही ना काही आणून दाखवलं. 'माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं. मी म्हटलं, माझी आई येणार आहे, ती आणेल. आई, आपल्याकडचं मला माहीत आहे. पण इथे कुणी ते पाळत नाही आणि सगळ्यांची बाळं चांगली आहेत. तू माझ्या बाळाचे कपडे शिवूनच आण. मी दवाखान्यात जाताना ते पिशवीत घेऊन जाईन. मला तेवढाच धीर होईल.'

पुष्पलताला तिच्या आधीच्या भावाबद्दल कधी कुणी सांगितलं नव्हतं. घरात तो विषयच नव्हता.

भागीरथा दोन-तीन दिवस लुगडी उलगडून पुन्हा घडी करत राहिली. मग ती रंभाबाईकडे गेली. रंभाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"शिवू का वं?"

रंभाबाईने सुपातून मान वर केली नाही. "दुसरी कोणी असती तर मी बोलली नसती, भागीरथे. तू काहून विचारून राहिली?"

"पोरीनं पहिल्यांदा काही मागितलं मले."

"मग नाही म्हण."

"नाही म्हटलं तर ती विचारीन, काहून. मग काय सांगू? पोटुशी आहे, परदेशात आहे. तुहा एक भाऊ असा गेला म्हणून लिहू?"

रंभाबाईने खडा वेचून बाहेर टाकला. "लिहू नको," ती म्हणाली. मग सूप हलवत, "समुद्रापल्याड आपला नेम चालते की नाही, मले तरी काय मालूम. मी कामठीच्या पलीकडे कधी गेली नाही."

भागीरथाने ते होकारासारखं ऐकलं. माणसाला ऐकायचं असतं तसं ते ऐकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या उन्हात, सगळ्यांच्या देखत ती ओट्यावर बसली आणि करवतकाठी लुगड्याला तिने कात्री लावली. पहिलं झबलं तिने सवयीच्या घाईनेच कापलं. पण पुढे पुढे तिला गोडी लागली. इतकी वर्षं ती घाईघाईने, कानोसा घेत, रडण्याच्या मागे धावत शिवत आली होती. आता वेळ होता. झबल्यांच्या गळ्याला तिने बारीक टाके घातले, बाळाच्या मानेला टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या अंगाने घेतली, दुपट्यांना तोच करवतीचा काठ लावला. ईश्वरदास मागावरून उठून पाहायला आला आणि एका दुपट्याचा काठ बोटाने चाचपून म्हणाला, "हा मी विणला तेव्हा पुष्पी नव्हती." भागीरथा हसली. ती त्या दिवसांत फार सुंदर दिसायची असं रंभाबाई पुढे कितीदा तरी सांगायची.

टोपडं मात्र तिने शिवलं नाही. तेवढं तिथे जाऊन, बाळ रडल्यावर. असा एक लहानसा सौदा तिने आपल्यापुरता कुणाशी तरी करून ठेवला होता.

पासपोर्ट आला. तिकीट आलं. बॅगेत सगळं बसलं. निघायला आठवडा राहिला होता तेव्हा भर दुपारी तारवाला आला. ईश्वरदास तार हातात घेऊन तसाच भैय्याजींच्या घराकडे पळत गेला, आणि परत येताना भैय्याजी त्याच्या दंडाला धरून त्याला आणत होते.

बाळ वेळेआधी झालं होतं, आणि जिवंत झालं नव्हतं. मुलगा होता. पुष्पलताची प्रकृती बरी आहे. आईंना ठरल्याप्रमाणे पाठवा.

आजूबाजूच्या बाया धावत आल्या. सगळ्या पुष्पीसाठी रडल्या. रंभाबाई दाराशी उभी होती. तिची नजर एकदा कोपऱ्यातल्या बॅगेवर गेली आणि तिने ती लगेच दुसरीकडे वळवली. भागीरथाने ती नजर पाहिली. ती रडली नाही. चरख्याजवळ जाऊन बसली आणि कांड्या भरू लागली. धागा सारखा तुटत होता. ती सांधत होती, पुन्हा तुटत होता.

दुसऱ्या दिवशी जेवण वाढताना ती म्हणाली, "मी जात नाही."

ईश्वरदासला वाटलं, दुःखाने बोलते आहे. "आता तर तुले जायलेच पाहिजे. पोरगी एकटी आहे तिथं."

"जावईबापू आहेत."

"जावई म्हणजे माय होय का?"

ती भात वाढत राहिली. त्याने ताट सरकवलं. "अवं, तिकीट आलं, ती मद्रासवाली बाई वाट पाहून राहिली, पोरगी वाट पाहून राहिली. बाळ नाही म्हणून काय झालं? पोरगी तर आहे!"

"तिच्यासाठीच तर जाऊन नाही राहिली."

"काय बोलून राहिली तू?"

तेव्हा भागीरथा खाली बसली. तिचा आवाज इतका हळू होता की त्याला पुढे वाकावं लागलं.

"मी गेली, की ती माह्या मांडीवर डोकं ठेवीन. मी तेल लावीन. मग ती विचारीन, माय, असं काहून झालं? तुम्ही पुरुष आहात, तुम्ही दुसरीकडे पाहू शकता. मले नाही जमणार. मी सांगून टाकीन. मग ती काय म्हणीन? ती म्हणीन, कपडे तर मीच मागितले होते."

ईश्वरदासने ताटातच हात धुतला.

"तिनं मागितले, मी शिवले. हे तिले जन्मात समजलं नाही पाहिजे. ती म्हणीन मायचं मन दगडाचं आहे. म्हणू द्या. आणि तिले पुढं लेकरू व्हायचं आहे. माहे हे हात तिच्या आसपास नको."

"कपड्यानं काय होते, पुष्पीची माय? मोठ्या दवाखान्यातही असं होते. भैय्याजीले विचार, डॉक्टरले विचार."

"मग आपलं पहिलं कशानं गेलं?"

ईश्वरदास भला माणूस होता, पण बोलका नव्हता. ज्या दिवशी जिजाबाईने टोपडं सुनेपुढे ठेवलं, त्या दिवशीही तो मागावर बसून ऐकत होता आणि काही बोलला नव्हता. आताही तो उठला आणि मागावर जाऊन बसला.

भैय्याजी पत्र लिहायला बसले. "काय कारण लिहू, वहिनी?"

"गुडघे."

"गुडघ्यासाठी कोणी विमान सोडते का? चाकाची खुर्ची देतात तिथं."

"तुम्ही लिहा."

मजकूर तारेनेही गेला. मद्रासकडच्या बाई मुंबईहून एकट्याच निघाल्या. लाडू वस्तीतल्या एका बाळंतिणीला दिले. कपड्यांचं भागीरथाने काय केलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. त्यानंतर वस्तीत बाळंतपण निघालं की निरोप एकट्या रंभाबाईला जायचा. कुणी तसं ठरवलं नव्हतं. सुरुवातीला भागीरथाने दोनदा काहीतरी निमित्त सांगितलं, मग बायांनी बोलावणं सोडलं.

पुष्पलताचं उत्तर आलं ते चार ओळींचं होतं. आईने गुडघ्यांची काळजी घ्यावी. खरं म्हणजे आता येऊन करण्यासारखंही काही नव्हतं. पुढची पत्रं बाबांच्या नावाने येऊ लागली, आणि त्यांत पपया, फुलं, साप असं काही नसे. बायाही ऐकायला येईनाशा झाल्या.

तीन वर्षांनी घनश्यामचं कार्ड आलं की मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. दिवस गेल्याचं त्यांनी कळवलंच नव्हतं. ईश्वरदासला त्याचं फार लागलं. भागीरथा मात्र देवापुढे साखर ठेवून हात जोडून उभी राहिली. तिच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. ती दूर राहिली आणि लेकरू जगलं. ज्या गोष्टीने तिचं मन मोडायला हवं होतं, तिनेच ते पक्कं केलं. पण हळूहळू, ती मुलगी बसू लागली, चालू लागली असं कळत गेलं तसं भागीरथाच्या मनात येऊ लागलं की आता सांगायला हरकत नाही. पुष्पी भेटली की सांगू. लेकरू डोळ्यासमोर खेळत असलं म्हणजे जुनं दुःख इतकं लागत नाही. कसं सांगायचं, कुठून सुरू करायचं, हे ती कांड्या भरताना मनातल्या मनात जुळवत राहिली.

ऐंशी सालच्या हिवाळ्यात पुष्पलता आली. उतरली कळमेश्वरला, सासरी. नाईक तलावाला एका दिवसासाठी आली, सकाळच्या बसने. सोबत लहानगी जया. गल्लीतले बरेच माग तोवर बंद पडले होते आणि पलीकडून पॉवरलूमचा आवाज येत होता. पुष्पलता खाटेवर पाहुण्यासारखी बसली. पाणी प्यायली, जेवली, भाजी चांगली झाली म्हणाली. जया घरभर फिरत होती, चरख्याचं चाक फिरवून पाहत होती. भागीरथा तिच्याकडे पाहत होती, पण तिला जवळ घेत नव्हती. दोनदा हात पुढे झाला आणि दोनदा तिने तो पदरात घेतला.

पुष्पलताने ते पाहिलं.

ईश्वरदास पान आणायला म्हणून उठला आणि पुन्हा बसला. भागीरथाने घसा साफ केला. इतके दिवस जुळवलेलं पहिलं वाक्य ओठावर आलं होतं.

"पुष्पे, तुले एक सांगायचं होतं."

"मलेही सांगायचं आहे, माय," पुष्पलता म्हणाली. आल्यापासून पहिल्यांदा ती गल्लीतल्या पोरीसारखी बोलली. "मले पुन्हा दिवस आहेत. तिसरा महिना. सासूबाईशिवाय कोणाले सांगितलं नाही."

भागीरथाने तोंड मिटलं.

"तू काय सांगून राहिली होती?"

"काही नाही. प्रकृतीले जप म्हणत होती."

पुष्पलताने जयाला चरख्यापासून बाजूला घेतलं. मग म्हणाली, "माय, एक विचारू? तेव्हा तू काहून नाही आली?"

"गुडघे..."

"गुडघे नाही. बाबांनी सांगितलं मले, तुहे गुडघे कधी दुखलेच नाही."

ईश्वरदास खाली पाहू लागला. भागीरथाने पोरीच्या पोटाकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे.

"विमानाचं भेव वाटलं," ती म्हणाली.

"भेव?"

"हो. एवढं पाणी खाली. भैय्याजींनी नकाशा दाखवला होता ना. मले वाटलं, पडली तर?"

पुष्पलता तिच्याकडे बघत राहिली. आईने आणखी काही म्हणावं म्हणून ती थांबली होती, हे ईश्वरदासलाही कळत होतं. मग ती जयाचे सँडल शोधून आणून तिच्या पायात घालू लागली.

"मी विमानतळावर गेली होती," खाली वाकूनच ती म्हणाली. "तार आली होती, तू येणार नाही म्हणून. तरी गेली. हे नको म्हणत होते. अंगात त्राण नव्हतं. सगळे उतरेपर्यंत उभी राहिली हार घेऊन. शेवटी त्या मद्रासच्या बाई आल्या, त्यांच्या गळ्यात घातला."

भागीरथाचे हात मांडीवर होते. तिने ते हलवले नाहीत.

"कशाचा होता हार?"

पुष्पलताने मान वर केली. हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता.

"चाफ्याचा. पांढरा चाफा. तिथं रस्त्यानं पडलेला असते."

"वास होता?"

"होता," पुष्पलता म्हणाली. सँडलचा पट्टा लावून ती उठली, तिने जयाला कडेवर घेतलं आणि कळमेश्वरची बस किती वाजता असते ते बाबांना विचारलं.